शेवटचे दोन गुरू

माउंट पिसगाच्या कॅम्पग्राउंडवर वीज जोडायची सोय नाही, हे माहीत असूनच आम्ही तिथं गेलो होतो. नॉर्थ कॅरोलायनातला ब्लू रिज पार्कवे, जवळजवळ ५,००० फुटांची उंची, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पानांचे रंग बघायला आलेल्या गर्दीतले आम्ही दोघं. रंग बघून झाले, पिठलं-भात झाला, जनरेटर लावायची मुभा असलेली वेळ संपली आणि डोंगरात असतो तसा ठार काळोख झाला.

रात्री अडीचला बायकोनं मला हलवलं. "अहो, पंखा चालतोय, पण वारा गारच येतोय."

आमचा ट्रेलर २२ फुटी. रिटायर झाल्यावर जुना विकत घेतलेला. चाकांवरचं वन-आरके म्हणा. त्यात शेगडी, फ्रिज, पाणी तापवायचा बंब आणि एक भट्टी, म्हणजे फर्नेस, अशी चारही अग्निहोत्रं पुढच्या बाजूला बसवलेल्या प्रोपेनच्या दोन टाक्यांवर चालतात. भट्टीचा एक ठरलेला क्रम असतो. आधी पंखा सुरू होतो, मग थोड्या वेळानं आतून ठिणगीची टक-टक-टक ऐकू येते आणि मग भुस्सकन जाळ धरतो. त्या भुस्सची इतकी सवय झालेली असते की झोपेतही माणूस त्याची वाट बघतो. त्या रात्री टक-टक-टक झालं, भुस्स झालंच नाही. तीनदा प्रयत्न करून भट्टी रुसून बसली. मी थर्मोस्टॅट बंद करून परत लावला. पुन्हा तीनदा टकटक, पुन्हा रुसवा. टाकीत गॅस होता, कारण शेगडी पेटत होती. "शेगडीवरच ऊब घेऊ या का?" असं बायको म्हणाली, तेव्हा मात्र मी आवाज चढवला. बंद जागेत शेगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. शेवटी आईनं शिवलेली गोधडी, तिच्यावर दोन रजया आणि माझी माकडटोपी. सकाळी आतला पारा ४१ फॅरेनहाइटवर, म्हणजे आपल्या ५ अंशांवर होता.

शेजारच्या ट्रेलरमधले गृहस्थ कॉफीचा मग घेऊन पाय मोकळे करत होते. वय ऐंशीच्या आसपास. मी भट्टीच्या बाहेरच्या झाकणासमोर उकिडवा बसलेला पाहून ते थांबले. काय झालं, असं त्यांनी विचारलंदेखील नाही. खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत उजेड टाकला आणि एकच शब्द म्हणाले, "डॉबर."

डॉबर म्हणजे लिंपणारा. मातीनं लिंपणारी माशी. लांब स्क्रू-ड्रायव्हरनं मी नळीच्या कडेकडेनं ते सोडवत आणलं आणि मुठीएवढा मातीचा गोळा सबंधच्या सबंध हातात आला. वरून खडबडीत, नांगरलेल्या रानात ढेकूळ असतं तसा. खालच्या बाजूला मात्र एकाला एक लागून बोटाएवढ्या पोकळ नळ्या, आणि प्रत्येक नळीवर मातीच्या बारीक वळ्या. शेणानं सारवताना हाताची बोटं उमटतात ना, तशा. गोळा हातात आला आणि मी चाळीस वर्षं मागं गेलो. ही तर आपली कुंभारीण!

सांगलीजवळच्या आमच्या गावच्या घरात तिची घरटी कुठं नसायची? देवघराच्या चौकटीवर, कंदिलाच्या खुंटीशी, अण्णांच्या कोटाच्या खिशावरसुद्धा. कोट वर्षातून एकदा निघायचा, त्यामुळं तिचं फावायचं. आजी ती घरटी फोडू द्यायची नाही. कुंभारणीनं घर बांधलं की घरात पाळणा हलतो, असं तिचं म्हणणं. आणि कुणाचा गाल सुजला की त्यातलीच माती पाण्यात कालवून लावायची. घरटं फोडायचं नाही, पण माती मात्र हवी, या दोन्हींचा मेळ ती कसा घालायची कोण जाणे. मला वाटतं, ज्या सुनेकडून आजीच्या अपेक्षा संपल्या असतील, तिच्या खोलीतलं घरटं फुटत असावं.

पिसगाच्या त्या गोळ्याची एक नळी काढताना फुटली होती. तिच्यातून मी तळहातावर चौदा कोळी मोजून घेतले. पाय पोटाशी घेतलेले, वाळलेले, काही हिरवट, काही पट्ट्यापट्ट्यांचे, सगळे लहान चणीचे. शेजारच्या आजोबांना यात काही नवल वाटलं नाही. मी मात्र तिथंच बसून राहिलो. सबंध उन्हाळा भट्टीचं काही काम नव्हतं. तेवढ्या दिवसांत एका माशीनं ओढ्याकाठच्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणल्या होत्या, अंधाऱ्या नळीत खोल्या बांधल्या होत्या, एकेक कोळी डंखानं लुळा करून, जिवंत पण हलता न येणारा, आणून रचला होता, त्यातल्या एकावर अंडं घातलं होतं आणि दार लिंपून टाकलं होतं. अळी बाहेर येणार आणि तिला ताजं अन्न मिळणार. मेलेला कोळी दोन दिवसांत नासतो, लुळा केलेला नासत नाही. आमच्या फ्रिजपेक्षा भरवशाची व्यवस्था. या खोलीत अंडं काही फळलं नव्हतं, म्हणून शिदोरी तशीच राहिलेली.

अण्णा तलाठी होते आणि पक्के दत्तभक्त. पौर्णिमेला नृसिंहवाडी चुकायची नाही. रोज संध्याकाळी पाटावर बसून एकनाथी भागवत वाचायचे आणि त्यातलं अवधूताच्या चोवीस गुरूंचं प्रकरण आलं की आम्हा भावंडांना समोर बसवायचे. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी इथपासून सुरुवात. यदुराजा विचारतो, तू एवढा निश्चिंत कसा? आणि अवधूत एकेका गुरूचं नाव घेतो. अजगर आला की आम्ही खूष, कारण तो काहीच करत नाही. शेवटपर्यंत आमची चुळबुळ वाढलेली असे, त्यामुळं शेवटचे दोन गुरू अण्णा भरभर उरकायचे. तेविसावा कोळी, जो आपल्यातूनच जाळं काढतो आणि आपल्यातच परत घेतो. चोविसावी ही माशी. ती किड्याला आणून भिंतीतल्या घरात कोंडते आणि तो किडा भीतीनं तिचंच ध्यान करता करता तिच्यासारखा होऊन जातो. किटक-भृंग न्याय म्हणतात तो हाच.

दहावीत जीवशास्त्राच्या सरांनी खरा प्रकार सांगितला आणि मी तो अण्णांना ऐकवला, जरा तोऱ्यातच. ध्यान-बिन काही नाही, किड्याला आतली अळी खाते, म्हटलं. अण्णा पान जुळवत होते. चुना लावता लावता म्हणाले, "बरं, मग शेवटी त्या किड्याचं झालं काय? माशीच झाली ना?"

आणि आता चोविसाव्या गुरूनं तेविसाव्याला चौदा प्रतींत कोंडून ठेवलेलं माझ्या तळहातावर होतं.

हे दोघे गुरू आरव्हीवाल्यांचे, म्हणजे आमच्यासारखं चाकांवरचं घर बाळगणाऱ्यांचे, जुने वैरी. ट्रेलरच्या भिंतींना जितकी भोकं असतात तितकी घराच्या भिंतींना नसतात, हे तो घेईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. भट्टीला दोन नळ्या, एकीनं श्वास घ्यायचा, दुसरीनं सोडायचा. बंबाला जाळीदार झाकण. फ्रिजला खाली एक खिडकी आणि छतावर धुराडं. शेगडीवरच्या पंख्याला बाहेर उघडणारी झडप. मोरीच्या पाइपाला छतावर आणखी एक तोंड. जिथं जाळ तिथं हवा आत यायला वाट हवी आणि धूर जायला वाट हवी. आणि अमेरिकेत बहुतेक ट्रेलर वर्षातले नऊ-दहा महिने अंगणात नुसते उभे असतात. शांत, कोरडी, अंधारी, पावसापासून आडोशाची भोकं. कुंभारणीनं जाहिरात देऊन शोधली असती तरी याहून चांगली जागा तिला मिळाली नसती.

कुंभारीण निदान मोठी असते, दिसते. कोळ्याचं काम बारीक. त्याचा प्रसाद आम्हाला पिसगाच्या आदल्या वर्षी मिळाला होता, तेव्हा त्याचं नाव कळलं नव्हतं एवढंच.

आमचा फ्रिज जाळावर चालतो. हे वाक्य मी भारतात फोनवर सांगतो तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरते. पण खरं आहे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती काढली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांमध्ये भरायचे आणि खाली छोटी ज्योत लावायची. उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जातो, निवतो, हायड्रोजनमध्ये मिसळून बाष्प होतो आणि तसं होताना फ्रिजमधली उष्णता ओढून नेतो. हलणारा भाग एकही नाही, ना मोटर ना घरघर. देवापुढच्या समईएवढ्या निळ्या ज्योतीवर आत बर्फ होतो. मी आयुष्यभर यंत्रांत काम केलं, पण इतकं शहाणं यंत्र मी फार थोडं पाहिलं आहे.

तर मे महिन्यात हॅटरासच्या समुद्रकाठी चार मराठी कुटुंबं जमली होती आणि श्रीखंड आमच्याकडं होतं. घरी अंगणात विजेवर फ्रिज मस्त गार. वाटेत गॅसवर टाकला. समुद्रावर पोचून डबा उघडला तर श्रीखंडाला वास. सगळ्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं, म्हणजे दोन दिवस तोच एक विषय चालला. घरी परत आल्यावर विजेवर पुन्हा गार! घरात शहाणा आणि चारचौघांत वात्रट, अशी काही मुलं असतात, तसा तो फ्रिज मला वाटला.

मागची खिडकी उघडून मी पोटावर झोपलो आणि ज्योत पाहिली. निळी नाही, पिवळी, आणि तीही लवथवणारी. ज्या नळीत गॅस आणि हवा एकत्र होतात, तिच्यात कोळ्याचं जाळं होतं. जाळं म्हणजे घरात छताला लोंबतं तसं कोळिष्टक नव्हे. कापसाचा विटका, नखाएवढा पुंजका. पण प्रोपेन या उपकरणांत येतो तो अगदी मंद दाबानं, पाण्याच्या ११ इंचांच्या स्तंभाइतक्या. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण ऐंशीवा हिस्सा. त्या दाबाला कापसाचा पुंजका म्हणजे धरणाची भिंत. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, उष्णता घटते आणि श्रीखंड जातं.

इथं माझी जुनी सवय नडली. लहानपणी आमच्याकडं पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता आणि त्याला पिन मारणं हे माझं खातं होतं. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती केसाएवढी तार. ज्योत तांबडी झाली की पिन मारायची, पुन्हा निळी. फ्रिजच्या जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक बघितलं आणि हात आपोआप बायकोच्या शिवणाच्या डब्याकडं गेला. सुई घातली, फिरवली, बसवलं. ज्योत आधीपेक्षा पिवळी! मग वाचलं, की ही भोकं हजारांश इंचाच्या हिशेबानं पाडलेली असतात, काही फ्रिजांत तर घड्याळासारख्या माणकाच्या खड्यात पाडलेली. त्यात सुई घालायची नाही, तार घालायची नाही. अल्कोहोलात भिजत ठेवायचं, हवेनं फुंकायचं, वाळवायचं, बस्स. नवा जेट आणावा लागला. बायको अजून म्हणते, आमच्याकडं माणूस पिन मारल्याशिवाय राहत नाही.

कोळ्यांना प्रोपेनचा वास आवडतो, असं आरव्हीवाले ठामपणे सांगतात. वास मुळात प्रोपेनचा नाहीच. प्रोपेनला वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन घालतात. सडक्या कोबीसारखा तो वास सांगली ते सिअ‍ॅटल सारखाच. वास घालायची ही सक्ती टेक्सासात कायद्यानं आली ती १९३७ च्या मार्चमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेल्यावर. तो गॅस बिनवासाचा होता, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. माणसाला सावध करायला घातलेला वास कोळ्याला आवतण देतो, ही कल्पना गोष्ट म्हणून झकास आहे. मला स्वतःला वाटतं, कोळ्याला बोटभर रुंदीचं शांत भोक पुरेसं असतं, वासाचं निमित्त आपलं. पण माझदा कंपनीचा किस्सा ऐकला की माझाही ठामपणा डळमळतो. २०११ साली कंपनीनं उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या टाकीची हवा सोडणाऱ्या नळीत पिवळसर रंगाचे एका जातीचे कोळी घर करत होते. उपाय म्हणून नळीत स्प्रिंग बसवली. २०१४ साली आणखी ४२,००० गाड्या बोलवाव्या लागल्या. कोळ्यांना स्प्रिंगची अडचण वाटली नव्हती.

कुंभारणीवरचा संशय याहून भयंकर आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता विमानतळावरून उडालेलं बोइंग ७५७ काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. १८९ माणसं होती, एकही वाचला नाही. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजली होती. विमान काही दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळीवर टोपणं घातलेली नव्हती. नळी समुद्रातून हाती लागली नाही, पण तपास करणाऱ्यांचं बोट या माशीच्या घरट्याकडंच राहिलं. हे वाचल्यापासून मी आमच्या रुसलेल्या भट्टीचे आभार मानतो. ती पेटली नाही. अर्धवट बुजलेल्या नळीनं अर्धवट पेटली असती, तर धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड मागं फिरायला वाव होता, आणि त्याला तर वास घालायचीही सोय नाही. ट्रेलरमध्ये त्याचा गजर असतो. आमचा मी पिसगाहून आल्यावर उलटा करून बघितला. पाठीवरची तारीख उलटून तीन वर्षं झाली होती. त्या गजराला आयुष्य असतं आणि ते संपतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बघितलं नव्हतं.

मग जाळ्या लावल्या का? लावल्या. स्टेनलेस स्टीलच्या, झाकणाच्या मापाच्या तयार जाळ्या मिळतात, स्प्रिंगनं अडकवायच्या. बंबाला लावली, फ्रिजच्या खिडकीला आतून लावली, भट्टीच्या दोन्ही नळ्यांना लावली. मला लहानपणीचं जाळीचं कपाट आठवलं. पायांखाली पाण्याच्या वाट्या, आत दुधा-तुपाची भांडी. मुंगी, माशी, मांजर, सगळ्यांचा बंदोबस्त. पण त्या कपाटाला श्वास घ्यायचा नव्हता, हा फरक मी विसरलो.

भट्टीच्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं आहे की या तोंडावर कसलीही जाळी बसवू नका. कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला काय वाट्टेल ते लिहितात, असं समजून मी पान उलटलं. नॉर्थ कॅरोलायनात मार्चअखेर ते एप्रिल पाइनच्या झाडांचे पराग पडतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. गाड्या, रस्ते, कुत्री, सगळं हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखं पिवळं. अंगणातल्या तळ्यावर साय धरते. दोन आठवड्यांत भट्टीची ती बारीक जाळी पिवळ्या पिठानं लिंपली गेली. कुंभारणीनं उन्हाळाभर केलेलं काम पाइनच्या झाडानं पंधरा दिवसांत केलं, तेही माझ्या जाळीच्या मदतीनं. एका गार रात्री भट्टी भप्प करून पेटली आणि सकाळी ट्रेलरच्या पांढऱ्या भिंतीवर नळीच्या वर काजळीचा मिशीसारखा फराटा दिसला. मॅन्युअल लिहिणाऱ्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. भट्टीच्या त्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात. सोडलेला श्वास अडला तर तोच परत आत ओढला जातो.

तेव्हापासून माझी रीत अशी. फ्रिजला आणि बंबाला जाळी, पण खिडकीच्या डासांच्या जाळीसारखी बारीक नाही, आठव्या हिश्शाच्या इंचाची, आणि दर प्रवासाआधी ब्रशनं झाडलेली. भट्टीला जाळी नाही. ट्रेलर अंगणात उभा असतो तेव्हा तिच्या तोंडांवर पत्र्याचं झाकण, आणि त्या झाकणाची लाल रिबन आत थर्मोस्टॅटपर्यंत ओढून बांधलेली. रिबनवर बायकोच्या अक्षरात 'आधी झाकण!' असं लिहिलं आहे. उन्हाळ्यातसुद्धा महिन्यातून एकदा भट्टी दहा मिनिटं पेटवायची. बाहेर ९५ फॅरेनहाइट, आत भट्टी, आणि मी दाराशी बसून भुस्स ऐकतोय. समोरच्या घरातले लोक आता बघत नाहीत. छतावरच्या फ्रिजच्या धुराड्यावर मात्र मी काही लावत नाही, गरम हवा सुटायला तेवढी एक वाट पूर्ण मोकळी हवी. तिथं एकदा पक्ष्यानं काड्या आणल्या होत्या, पण तो वेगळा वग आहे.

आरव्हीवाल्यांत या जाळीवरून दोन तट आहेत आणि दोन्हीकडं तोंडाळ माणसं आहेत. जाळीवाले बिनजाळीवाल्यांना आळशी म्हणतात, बिनजाळीवाले त्यांना मॅन्युअल वाचता येत नाही असं म्हणतात. मी आळशी आहेच, आणि मॅन्युअल मी उशिरा वाचतो, त्यामुळं माझं दोन्हीकडं जमतं.

पिसगाचा तो गोळा मी फेकला नव्हता. फुटलेली नळी सोडली तर बाकीच्या पाच खोल्या शाबूत होत्या. एकीला नखानं किंचित टवका काढून बघितलं तर आत कागदासारखा पातळ, तपकिरी, चकचकीत कोष. अळीनं शिदोरी संपवून स्वतःला गुंडाळून घेतलेलं. टवका थुंकी लावलेल्या मातीनं बुजवला, गोळा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला, वर चक्का बांधायचं फडकं, त्यावर रबर. गॅरेजच्या खिडकीत थंडीभर बरणी तशीच राहिली. बायकोनं एकदा विचारलं, "पाळणा हलायची वाट बघताय का?" मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. मी उत्तर दिलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात बरणीतून खरवडल्याचा आवाज यायला लागला. कुंभारीण इथली काळी-पिवळी असते, कंबर दोऱ्यासारखी, पाय पिवळेजर्द. मी तिचीच वाट बघत होतो. खोलीच्या टोकाला एक भोक पडलं, मिशा बाहेर आल्या, डोकं आलं, मग सबंध अंग आलं. पिवळं काहीच नाही. गडद निळी, तेल लावलेल्या पोलादासारखी, उन्हात वळली की हिरवट झाक मारणारी.

पुस्तकात शोधायला वेळ लागला नाही. ही निळी जात स्वतः घर बांधत नाही. काळी-पिवळी घर बांधून, भरून, लिंपून गेली की ही येते, तोंडातून पाणी आणून लिंपलेली माती भिजवते, दार उघडते, आतले कोळी आणि अंडं बाहेर काढून टाकते, आपले कोळी भरते, आपलं अंडं घालते आणि त्याच मातीनं दार पुन्हा लिंपते. तिचा आवडता कोळी म्हणजे ब्लॅक विडो, ज्याला माणसं टरकून असतात. पाच खोल्यांतून पुढच्या आठवड्यात तीन माश्या निघाल्या, दोन निळ्या आणि एक काळी-पिवळी. उरलेल्या दोन खोल्यांतून कुणीच नाही.

म्हणजे भट्टी आमची, घर एकीनं बांधलेलं, कसलं दुसरीनं. कुळकायद्याची किचकट प्रकरणं अण्णांनी जन्मभर हाताळली. या गोळ्याच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावायचं, आणि बाहेर फेकलेल्या त्या पहिल्या कोळ्यांचं शेवटी काय झालं म्हणायचं, हे त्यांना विचारायला हवं होतं. पान जुळवता जुळवता त्यांनी काहीतरी सांगितलं असतं.

पहिली निळी निघाली त्या दिवशी मी बरणी अंगणात नेऊन फडकं सोडलं. ती काठावर बसली, पंख झटकले, मिशा पुसल्या आणि उडाली. ट्रेलरच्या भिंतीला धरून पुढून मागं गेली. भट्टीच्या पत्र्यावर टेकली, तिथं काही सापडलं नाही. बंबाच्या झाकणावर गेली. मग फ्रिजच्या खिडकीवर उतरून जाळीच्या एकेका चौकोनात डोकं घालत, पंख थरथरवत, डावीकडून उजवीकडं चालत राहिली. मी जवळ जाऊन बघत होतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात जाळीची कड करंगळी जाईल एवढी उचलली गेली होती. ती मला आधी दिसली नव्हती.

तिला दिसली.

"अगं, तो पक्कड आण गं जरा," मी ओरडलो.